'सर्वांत चांगले रिव्हॉल्व्हर कोणते?' : एका वादाचा अर्थविचार

एखाद्या समाजगटाची भाषा अभ्यासावयाची असेल, तर त्या गटातील माणसे कशावरून वाद घालतात ते प्रथम पाहावे. ज्या गोष्टीविषयी सर्वांचे एकमत असते तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. मतभेदाच्या जागी मात्र शब्द घडतात, घासले जातात आणि त्यांच्या अर्थच्छटा निश्चित होतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील रिव्हॉल्व्हरच्या शौकिनांमध्ये असा एक वाद कित्येक पिढ्या चालू आहे : सर्वांत चांगले रिव्हॉल्व्हर कोणते? नेमबाजीच्या मैदानावर, संग्राहकांच्या मंडळांत व या विषयाला वाहिलेल्या मासिकांत तो पुनःपुन्हा उपस्थित होतो आणि कधीही मिटत नाही. प्रस्तुत लेखात शस्त्रांच्या गुणदोषांचा निवाडा करावयाचा नाही. हा वाद कोणत्या शब्दांत चालतो, तो का मिटत नाही आणि मिटत नसूनही निष्फळ का ठरत नाही, एवढेच पाहावयाचे आहे.

१. वादाची पार्श्वभूमी

एकच नळी आणि तिच्यामागे काडतुसे धारण करणारे फिरते सिलिंडर, ही रिव्हॉल्व्हरची मूळ कल्पना. सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये आपल्या रचनेचे अमेरिकन पेटंट मिळविले. सिलिंडरला आरपार छिद्रे पाडून धातूचे काडतूस मागून भरण्याच्या पद्धतीचे पेटंट १८५५ मध्ये रोलिन व्हाइट याला मिळाले. त्याचे हक्क होरेस स्मिथ व डॅनियल वेसन यांच्या हाती आले आणि १८५७ मध्ये त्यांचे पहिले रिव्हॉल्व्हर विक्रीस निघाले. पेटंटची मुदत १८६९ मध्ये संपेपर्यंत कोल्टला या पद्धतीचा अवलंब करता आला नाही. ती संपल्यावर, १८७३ मध्ये, अमेरिकन सैन्याने स्वीकारलेले व पुढे 'पीसमेकर' या नावाने गाजलेले कोल्टचे 'सिंगल ॲक्शन आर्मी' रिव्हॉल्व्हर आले. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन ही दोन 'घराणी' निर्माण झाली ती अशी.

दोन्ही घराण्यांनी पुढे परस्परांपासून वेगळे राहण्याची जणू प्रतिज्ञाच केली. कोल्टचे सिलिंडर नेमबाजाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, तर स्मिथ अँड वेसनचे उलट दिशेने. सिलिंडर उघडण्यासाठी एकाची खिटी मागे ओढावी लागते, दुसऱ्याची पुढे ढकलावी लागते. एकाची सवय झालेला हात दुसऱ्यावर अडखळतो. आवडीनिवडीच्या मुळाशी अशी हाताची सवय किती असते, हे वादात क्वचितच बोलून दाखविले जाते.

२. नाम आणि अंक

नावे ठेवण्याच्या पद्धतीतही हा भेद उतरला आहे. कोल्टने १९५० मध्ये 'कोब्रा', १९५५ मध्ये 'पायथन', १९६६ मध्ये 'डायमंडबॅक', १९८६ मध्ये 'किंग कोब्रा' आणि १९९० मध्ये 'ॲनाकोंडा' अशी सर्पनामे योजिली. नाग, अजगर, खुळखुळ्या साप, नागराज असा हा परिवार आहे. शौकीन या सर्वांना मिळून 'सापांच्या बंदुका' म्हणतात. येथे नामांचा एक बंदिस्त वर्ग तयार झाला असून एक नाम उच्चारले की वर्गातील इतर नामे आपोआप सूचित होतात.

स्मिथ अँड वेसनने १९५७ मध्ये याच्या उलट पाऊल टाकले. 'मिलिटरी अँड पोलीस' हे १८९९ पासूनचे नाव जाऊन 'मॉडेल १०' आले, 'कॉम्बॅट मॅग्नम'चे 'मॉडेल १९' झाले आणि 'चीफ्स स्पेशल'चे 'मॉडेल ३६'. रचनेत बदल होत गेला तसा मूळ अंकापुढे आडवी रेघ देऊन उपांक जोडण्यात येऊ लागला. उदाहरणार्थ, '२९-२'. अंक हे रूक्ष व अर्थहीन, त्यांविषयी कोणाला काय जिव्हाळा वाटणार, अशी अपेक्षा कोणी केली असती तर ती साफ चुकली असती. शौकिनांच्या बोलण्यात 'एकोणीस', 'एकोणतीस' ही संख्यावाचक विशेषणे पूर्ण विशेषनामे बनली आहेत. नामाचे सामर्थ्य त्याच्या व्युत्पत्तीत नसून व्यवहारात असते, याचे याहून स्वच्छ उदाहरण सहसा मिळणार नाही.

या अंकपद्धतीतून आणखी एक मनोरंजक प्रकार जन्मास आला. १९५७ पूर्वीच्या नमुन्यांना अंक नव्हते. त्यांचा उल्लेख आता 'पूर्व-१०', 'पूर्व-२९' असा करतात. २००१ च्या सुमारास किल्लीने बंद होणारे अंतर्गत कुलूप बसविण्यास सुरुवात झाली, तेव्हा त्याआधीची सारी रिव्हॉल्व्हरे एका दिवसात 'कुलूपपूर्व' ठरली. वस्तू तीच राहिली, पण पुढे आलेल्या घटनेने तिला मागे जाऊन नवे विशेषण दिले. आपणही 'पेशवेपूर्व' किंवा 'ज्ञानेश्वरपूर्व' म्हणतो, तेव्हा त्या काळातील माणसांना ठाऊक नसलेल्या गोष्टीनेच त्यांचा काळ मोजतो. फरक एवढाच की आपल्या 'पूर्व'मध्ये सहसा केवळ कालनिर्देश असतो, तर शौकिनांच्या 'पूर्व'मध्ये प्रशंसा मिसळलेली असते. 'कुलूपपूर्व' म्हणजे नुसते जुने नव्हे, तर न बिघडलेले.

३. अंकांचे खरेखोटे

नळीच्या व्यासाचे अंक तरी वस्तुनिष्ठ असतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु '.३८ स्पेशल' या काडतुसातील गोळीचा व्यास ३८० सहस्रांश इंच नसून सुमारे ३५७ सहस्रांश इंच आहे. याचे कारण ऐतिहासिक आहे. दारू व गोळी सुटी भरण्याच्या काळातील '.३६' जातीच्या रिव्हॉल्व्हरांचे काडतुसी रिव्हॉल्व्हरांत रूपांतर करताना सिलिंडरच्या कप्प्यात घट्ट बसेल असे काडतूस घ्यावे लागले. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ३८० सहस्रांश होता आणि गोळीचा दर्शनी भागही तेवढाच असे. पुढे गोळी काडतुसाच्या आत बसविण्याची पद्धत आली, तशी गोळी बारीक झाली. नाव मात्र राहिले. '.४४'चीही हीच कथा आहे, कारण तेथील गोळी सुमारे ४२९ सहस्रांशाची असते. म्हणजे हे अंक आज माप सांगत नाहीत, वंश सांगतात. आपल्या आडनावांत जसे पूर्वजांचे गाव किंवा हुद्दा टिकून राहतो, तसेच हे होय.

१९३५ मध्ये स्मिथ अँड वेसनने अधिक जोरकस काडतूस आणले, तेव्हा त्याला '.३५७ मॅग्नम' असे मापाशी प्रामाणिक नाव दिले. गोळी .३८ स्पेशलच्याच व्यासाची, पण काडतूस सुमारे एक अष्टमांश इंच लांब. ही लांबी जाणूनबुजून वाढविली होती. जुन्या, तुलनेने नाजूक .३८ रिव्हॉल्व्हरात ते चुकूनही बसू नये हा हेतू. परिणामी .३५७ च्या रिव्हॉल्व्हरात .३८ स्पेशल चालते, उलट मात्र चालत नाही. नवख्या माणसाला अंकांवरून नेमके विपरीत वाटते, कारण ३८० हा आकडा ३५७ पेक्षा मोठा! नावांचा इतिहास ठाऊक असणे ही येथे केवळ हौस नसून सुरक्षिततेची बाब ठरते.

'मॅग्नम' हा शब्दही मोठा प्रवासी आहे. लॅटिन 'मॅग्नस' या विशेषणाचे हे नपुंसकलिंगी रूप, आपल्या 'महत्'चे सगोत्र. इंग्रजीत तो मोठ्या आकाराच्या मद्याच्या बाटलीसाठी रूढ झाला. तेथून ब्रिटिश बंदूककारांनी तो उचलला. हॉलंड अँड हॉलंडचे '.३७५ मॅग्नम' १९१२ चे आहे. रिव्हॉल्व्हरच्या जगात तो १९३५ मध्ये आला आणि १९७१ च्या 'डर्टी हॅरी' या चित्रपटाने .४४ मॅग्नमच्या 'मॉडेल २९'ला अशी प्रसिद्धी दिली की ज्यांनी कधी शस्त्र हाती धरले नव्हते त्यांच्याही तोंडी तो शब्द बसला. शौकिनांच्या वादात 'मॅग्नम' म्हणताच एका पक्षाला सामर्थ्य आठवते, तर दुसऱ्या पक्षाला त्या सामर्थ्याचे प्रदर्शन.

४. 'चांगले' या विशेषणाचा व्यवहार

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ब्रिटिश तत्त्वज्ञ पीटर गीच यांनी १९५६ मध्ये 'ॲनॅलिसिस' या नियतकालिकातील एका छोट्या लेखात विशेषणांचे दोन प्रकार दाखविले. 'लाल' हे विशेषण नामापासून सुटे करता येते. 'लाल गाडी' म्हणजे ती लाल आहे आणि ती गाडी आहे. 'मोठा' या विशेषणाचे असे होत नाही. मोठी मुंगी ही मुंगी म्हणून मोठी असते, नुसती 'मोठी' नसते. 'चांगले' हे विशेषण गीच यांच्या मते या दुसऱ्या प्रकारचे आहे. ते ज्या नामाला जोडले जाते त्या नामातूनच त्याला कसोटी मिळते.

बैलबाजारात याचा प्रत्यय येतो. 'चांगला बैल' म्हटल्यावर जाणता शेतकरी विचारतो, कशासाठी? चपळाईसाठी खिल्लाराचे नाव निघेल, मुसळधार पावसाच्या डोंगराळ मुलखात डांगीचे. 'बैल' हे नाम तेथे पुरेसे नसते. 'शर्यतीचा बैल' किंवा 'चिखलणीचा बैल' असे पूर्ण नाम मनात असते आणि बाजारातल्या दोघांनाही ते ठाऊक असते.

रिव्हॉल्व्हरच्या वादात हे पूर्ण नाम बहुधा अध्याहृत राहते आणि गोंधळ तेथेच होतो. तीन प्रसिद्ध नावे घेऊन पाहू. आयडाहो राज्यातील शिकारी व लेखक एल्मर कीथ यांनी वजनदार गोळीच्या .४४ चा आयुष्यभर पुरस्कार केला. १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम अवतरले ते त्यांच्या आग्रहामुळे. त्यांच्या मनातील नाम होते 'रानात फिरणाऱ्या माणसाचे रिव्हॉल्व्हर'. सीमारक्षक दलातील बिल जॉर्डन यांच्या सूचनेवरून त्याच वर्षी मध्यम आकाराचे 'कॉम्बॅट मॅग्नम' तयार झाले. त्यांचे नाम 'दिवसभर कमरेला वागवावयाचे रिव्हॉल्व्हर'. एड मॅकगिव्हर्न यांनी १९३२ मध्ये १५ फुटांवरून पाच गोळ्या ०.४५ सेकंदात झाडल्या, त्या डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरने. म्हणजे असे की ज्यात चाप ओढताच घोडा मागे जातो, सिलिंडर फिरते व घोडा पडतो. सिंगल ॲक्शनमध्ये घोडा दर वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागतो. मॅकगिव्हर्न यांचे नाम 'वेगाचे रिव्हॉल्व्हर'. तिघांच्या अनुयायांनी आपापले रिव्हॉल्व्हर 'सर्वांत चांगले' म्हटले, तर व्याकरणदृष्ट्या ती परस्परविरुद्ध विधाने वाटतात. अर्थदृष्ट्या ती एकमेकांच्या वाटेलाही जात नाहीत. तिन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

५. 'चांगले' पासून 'आवडते' पर्यंत

अध्याहृत नाम उघड करताच वाद संपावयास हवा. तो संपत नाही, याचा विचार आवश्यक आहे. विसाव्या शतकाचा बराच काळ या वादाच्या पाठीशी एक भक्कम नाम उभे होते : 'पोलिसाचे रिव्हॉल्व्हर'. एकट्या 'मॉडेल १०' जातीची साठ लाखांहून अधिक रिव्हॉल्व्हरे तयार झाली, त्यांतील असंख्य पोलिसांच्या कमरेला होती. १९८६ च्या एप्रिलमध्ये मायामी येथील चकमकीत संघराज्य अन्वेषण विभागाचे दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर त्या विभागाने रिव्हॉल्व्हर सोडून स्वयंभरण पिस्तुले स्वीकारण्यास प्रारंभ केला आणि पोलीस दलांतील हे स्थित्यंतर पुढील काही वर्षांत सर्वत्र पसरले. न्यूयॉर्क शहराच्या पोलीस दलातील उरलीसुरली रिव्हॉल्व्हरे २०१८ मध्ये निवृत्त झाली. ज्या नामाने 'चांगले' या विशेषणाला कसोटी पुरविली ते नामच व्यवहारातून नाहीसे झाले.

अशा वेळी वाद विझेल असे वाटावे. त्याऐवजी त्याने विशेषण बदलले. 'सर्वांत चांगले' याच्या जागी 'तुमचे सर्वांत आवडते' असा प्रश्न पुढे आला. 'आवडते' या शब्दाला वस्तूचे कार्य लागत नाही, फक्त आवडणारा माणूस लागतो. कोणाला काय आवडते यावर वाद संभवत नाही, असे आपण मानतो. तरीही शौकीन कारणे देतातच. एखादा म्हणतो, जुन्या पायथनचा चाप ओढताना शेवटाकडे जड होत जातो, थरावर थर रचल्यासारखा. याला त्यांच्या परिभाषेत 'स्टॅकिंग' म्हणतात आणि त्याचे मूळ आतील पाकळीसारख्या कमानीत आहे. दुसरा उत्तर देतो, स्मिथ अँड वेसनचा चाप अखेरपर्यंत एकसारखा असतो. तिसरा म्हणतो, गोळी सुटण्याच्या क्षणी पायथनचे सिलिंडर तिजोरीच्या दारासारखे घट्ट बसते, ते कोठे मिळेल?

या कारणांनी कोणाचे मत बदलते असे फारसे दिसत नाही. पण ऐकणारा पुढच्या वेळी चाप ओढताना तो जडपणा प्रथमच 'जाणतो'. आजवर त्याच्या बोटाला जे लागत होते पण कळत नव्हते, त्याला शब्द मिळतो. वादाचे खरे फळ निर्णय हे नसून ही परिभाषा होय. कोल्टने २००५ च्या सुमारास थांबविलेले पायथन २०२० मध्ये पुन्हा काढले, तेव्हा चापाच्या ओढीत सुधारणा केली. शौकिनांनी घडविलेल्या शब्दांनीच त्या नव्या रिव्हॉल्व्हरची परीक्षा झाली.

६. उपसंहार

मराठीत या विषयाची परिभाषा तोकडी आहे, हे प्रस्तुत लेख वाचताना ध्यानात आलेच असेल. 'पिस्तूल' हा शब्द आपण स्वयंभरण व फिरत्या सिलिंडरचे अशा दोन्ही शस्त्रांस लावतो, तर अमेरिकेच्या संघराज्याच्या नियमांत 'पिस्टल' आणि 'रिव्हॉल्व्हर' यांच्या व्याख्या निरनिराळ्या आहेत. चाप, घोडा, नळी, काडतूस, बार हे आपले शब्द अस्सल व नेमके आहेत, पण ते भागांची व क्रियांची नावे आहेत, गुणांची नव्हेत. यात भाषेचे दौर्बल्य नाही. परवान्याविना शस्त्र बाळगता येत नाही अशा समाजात ते फार थोड्या हातांत असते, आणि ज्या वस्तूवर अनेक जाणत्यांनी वाद घातला नाही तिच्यासाठी गुणवाचक शब्द जन्मत नाहीत. उलट बैलाची चाल, खांदा, वशिंड यांविषयी मराठी शेतकऱ्याजवळ असलेली शब्दसंपत्ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या अशाच वादांतून साठली आहे.

कोशात 'चांगला' या शब्दापुढे 'उत्तम, गुणयुक्त' असे अर्थ देऊन भागत नाही. त्याचा अर्थ नामागणिक, धंद्यागणिक, बाजारागणिक शोधावा लागतो. त्यासाठी बैलबाजार, कुस्तीचा आखाडा, गवयांची बैठक अशा ठिकाणी जाणती माणसे काय म्हणून वाद घालतात ते जसेच्या तसे टिपून घेणे, हा आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घ्यावा असा विषय आहे. टिपताना वादात कोण जिंकले ते लिहिले नाही तरी चालेल. विशेषणापुढचे न उच्चारलेले नाम मात्र अवश्य विचारून घ्यावे.