नऊ पैशांचं पान: टाकीवाल्या प्रिंटरविषयीचे गैरसमज

दिवाळीत गावी निघताना रेल्वेचं तिकीट छापलं आणि प्रिंटर अजून घुरघुरत असतानाच मी भिंतीवरचं बटण बंद केलं. दहा दिवसांनी परतलो, तर लेकीला भूगोलाचा नकाशा हवा होता. छापून आला तो चक्क गुलाबी अरबी समुद्र! निळ्या शाईची टाकी अर्धीअधिक भरलेली समोर दिसत होती. चूक यंत्राची नव्हती, माझ्या बोटाची होती. ती कशी, ते पुढे येईलच.

गैरसमज: टाकीवाला घेतला की पैसे वाचलेच.
वस्तुस्थिती: शाई स्वस्त पडते, हे खरं. एप्सनच्या ००३ क्रमांकाच्या काळ्या शाईची ६५ मिलिलिटरची बाटली कंपनीच्या हिशेबाने ४,५०० पानं पुरते. बाटली ४०० रुपयांची धरली, तर पानाला शाई ९ पैशांची. ५०० कागदांचं रीम ३०० रुपयांचं धरलं, तर कागद ६० पैशांचा. म्हणजे शाईपेक्षा कागदच महाग! घरचं पान ७० पैशांच्या आत-बाहेर, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे समजा ५ रुपयांना. पानामागे सव्वाचार रुपये सुटले, तरी १३,००० रुपयांचं यंत्र वसूल व्हायला तीन हजारांवर पानं लागतात. महिन्याला ५० पानं छापणाऱ्या घराला त्यासाठी पाच वर्षं जातील. दहाच पानं लागत असतील, तर झेरॉक्सवाला परवडला. रात्री दहाला आठवलेल्या प्रोजेक्टचा हिशेब मात्र वेगळा.

गैरसमज: बाटलीवर लिहिलीत तेवढी पानं निघतातच.
वस्तुस्थिती: तो आकडा ठरावीक नमुना-पानांवरून काढलेला असतो. पहिल्या बाटल्यांतली बरीच शाई नळ्या आणि हेड भरण्यातच जाते. पुढे प्रत्येक ‘हेड क्लीनिंग’ही शाई पितं. पानभर गणपतीचं रंगीत चित्र आणि चार ओळींचा अर्ज यांचा खर्च सारखा कसा असेल?

गैरसमज: कमी वापरलं की जास्त टिकतं.
वस्तुस्थिती: इथे उलटं आहे. हेडची छिद्रं केसाहून बारीक असतात आणि पडून राहिलं की त्यांतली शाई वाळते. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला, तर हेड कडेला जाऊन रबरी टोपीखाली बसतं. मध्येच वीज तोडली, तर ते उघडं राहू शकतं. आमच्या गुलाबी समुद्राचं मूळ हेच. ‘नोझल चेक’चं पान काढलं, तर निळ्या रेघा तुटक. दोनदा क्लीनिंग केल्यावर समुद्र निळा झाला. आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी दर रविवारी ‘रंगीत पान’ असं लिहिलेलं असतं. टाकीतली शाई खालच्या खुणेच्या वर ठेवायची, हेही तेव्हाच शिकलो. नाहीतर नळीत हवा शिरते.

गैरसमज: शाई काय, कुठलीही चालते.
वस्तुस्थिती: काळ्या शाईतही दोन जाती आहेत. डाय शाई पाण्यात विरघळलेली असते, पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण तरंगतात. एप्सनची ००३ डाय आहे, तर कॅननच्या जी मालिकेत काळी शाई सहसा पिगमेंटची असते. पाण्याचा थेंब पडला तरी तिची अक्षरं सहसा फुटत नाहीत. एकीच्या जागी दुसरी ओतली, तर हेड तुंबायची भीती. कॅननच्या जी मालिकेत हेड घरी बदलता येतं, एप्सनमध्ये मात्र तंत्रज्ञच लागतो. पूर्वी लोक काट्रिजच्या प्रिंटरला बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडायचे. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात कारखान्यातूनच टाकी बसवलेला प्रिंटर आणला आणि त्या जुगाडाची गरज उरली नाही.

गैरसमज: ऑल-इन-वन म्हणजे त्यात सगळं आलं.
वस्तुस्थिती: त्यात छपाई, स्कॅन आणि कॉपी एवढंच नक्की असतं. कागदाच्या दोन्ही बाजूंना आपोआप छापणं किंवा गठ्ठा ठेवला की एकेक पान ओढून स्कॅन करणं, ही सोय वरच्या मॉडेलांत मिळते. एप्सनच्या एल३२५० मध्ये या दोन्ही सोयी नाहीत. त्याचा मिनिटाला ३३ पानांचा वेग फिक्या ‘ड्राफ्ट’ छपाईचा आहे. प्रमाणित चाचणीत काळी १० आणि रंगीत ५ पानंच निघतात.

गैरसमज: लेझर म्हणजे फक्त ऑफिसचं यंत्र.
वस्तुस्थिती: महिना-महिना न छापणाऱ्या आणि काळंच छापणाऱ्या घराला साधा लेझर बरा. टोनर ही पूड, ती वाळणार कशी? फक्त छापताना तो शेकडो वॅट ओढतो, त्यामुळे लहान इन्व्हर्टरवर लावू नका.

तेव्हा दुकानात शिरण्याआधी गेल्या तीन महिन्यांत बाहेरून किती पानं छापून आणली, ते मोजा. त्यांत रंगीत किती, तेही. बाकीचं दुकानदार सांगेल. हा आकडा मात्र तुम्हीच त्याला सांगायचा.