भाव वाढला की खरेदी वाढली?

‘पूर्वी सारे स्वस्त होते,’ हे वाक्य अमळनेरच्या बाजारात माल विकून परतणाऱ्या वृद्ध शेतकऱ्यांच्या तोंडी नेहमी ऐकू येते. त्यात तथ्य आहे. परंतु ते अर्धेच आहे. पूर्वी वस्तूंचे भाव कमी होते, त्याचप्रमाणे विकत घ्यावयाच्या वस्तूही थोड्या होत्या. या दोन गोष्टी निरनिराळ्या करून पाहिल्याखेरीज खर्च नेमका कशाने वाढला, हे उमगत नाही.

आज ऐंशीच्या घरात असलेल्या शेतकऱ्याचे बालपण आणे-पैच्या हिशेबात गेले. रुपयाचे १६ आणे, म्हणजेच १९२ पै होत. दशमान नाणेपद्धती १ एप्रिल १९५७ रोजी आली आणि ऑक्टोबर १९५८ पासून शेराच्या जागी टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा असल्याने जुन्या व नव्या भावांची तुलना करताना मापातील फरकही लक्षात घ्यावा लागतो.

त्या काळी दादर, बाजरी व डाळी घरच्या शेतातून येत. बियाणे मडक्यात राखलेले असे. सुतार-लोहाराला वर्षाचे बलुते धान्यात मिळे. भुईमुगाचे तेल तेल्याच्या घाण्यावरून येई. रोख पैसा लागे तो मुख्यतः मीठ, कापड, रॉकेल अशा मोजक्या जिनसांसाठी.

पुढे हे चित्र पालटले. २९ डिसेंबर १९४५ रोजी अमळनेर येथेच ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन झाली. आजची विप्रो ती हीच. तिचा आरंभीचा व्यवसाय वनस्पती तुपाचा होता. घाण्यावरचे तेल मागे पडून डबा आला आणि डब्यानंतर पिशवी आली. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आज परदेशांतून येते. त्यामुळे भुईमूग पिकविणाऱ्या घरातही बाहेरचे तेल विकत आणले जाते.

राष्ट्रीय पाहणीतही हाच बदल दिसतो. भारतातील ग्रामीण घरखर्चात तृणधान्यांचा वाटा १९९९-२००० साली सुमारे २२ टक्के होता. २०२२-२३ साली तो सुमारे ५ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी पेये व तयार खाद्यपदार्थ यांवरील खर्च मात्र साडेनऊ टक्क्यांच्या वर होता. ताटात दूध, भाजी व फळे वाढली ही समाधानाची बाब होय. परंतु पुड्यातील पदार्थांवर धान्याच्या जवळजवळ दुप्पट खर्च व्हावा, हे विचार करण्याजोगे आहे.

मग भाव मोजावा कशाने? शेतकऱ्याने तो स्वतःच्या मालाने मोजावा. गव्हाचा आधारभूत भाव १९६६-६७ साली क्विंटलला ५४ रुपये होता. २०२५-२६ च्या विक्री हंगामासाठी तो २,४२५ रुपये ठरला. ही वाढ सुमारे ४५ पट दिसते. परंतु त्या रकमेत काय येते, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. कपाशीच्या बोलगार्ड-२ बियाण्याचे पाकीट २०१६-१७ मध्ये ८०० रुपयांस होते. तेव्हा मध्यम धाग्याच्या कापसाचा आधारभूत भाव ३,८६० रुपये असल्याने एका पाकिटासाठी सुमारे २१ किलो कापूस द्यावा लागे. २०२५-२६ मध्ये पाकीट ९०१ रुपये आणि भाव ७,७१० रुपये झाला, म्हणजे सुमारे १२ किलो कापूस पुरला. रुपयांत महाग झालेले बियाणे कापसाच्या मापाने स्वस्त ठरले. मात्र कापूस आधारभूत भावाखाली विकावा लागला तर हा लाभ तितका राहत नाही. म्हणून हिशेब आपल्याला प्रत्यक्ष मिळालेल्या भावाने करावा.

भावाबरोबर वजनही पाहावे. युरियाचे पोते २०१८ साली ५० किलोंवरून ४५ किलोंचे झाले. पूर्वीच्या पोत्यात २३ किलो नत्र असे, आता २०.७ किलो असते. एकराला ‘दोन पोती’ ही जुनी सवय चालू ठेवल्यास पिकाला ४.६ किलो नत्र कमी मिळते. यास्तव माती परीक्षणानुसार खताची मात्रा किलोतच ठरवावी. किराणा मालातही पुड्याची किंमत तीच ठेवून आतील वजन घटविले जाते; तेव्हा वेष्टनावर छापलेला ग्रॅमचा अथवा किलोचा दर वाचावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक कुटुंबास एक साधी वही ठेवण्यास सांगावे. तिच्यात वस्तू, वजन, किंमत आणि त्या किंमतीस लागलेला आपला माल किलोत, असे चार रकाने असावेत. वही घरातील मायबहिणींच्या हाती असल्यास अधिक उत्तम, कारण किराण्याची खरी माहिती त्यांना असते. वर्षअखेर ज्या वस्तू घरी होऊ शकतात त्यांवर खूण करावी. संकरित बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते. परंतु हरभरा, गहू, मूग यांच्या सरळ वाणांचे बियाणे घरी राखता येते. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तेवढी तपासून घ्यावी.

बाजारभाव एकट्या शेतकऱ्याच्या हातचा नाही. काय विकत आणावे व काय घरी राखावे, हे मात्र पुष्कळ अंशी त्याच्याच हाती आहे.