सीमाभागातील आपले घर आणि इंग्रजी भाषा

आमच्या बिदरच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. घरातील महत्त्वाचे कागद तीत ठेवण्याची वहिवाट आजोबांपासूनची. स्मरणिकेसाठी काही लिहावे असे ट्रस्टच्या चिटणिसांनी सुचविले, तेव्हा जुने काही हाती लागते काय हे पाहण्यासाठी मी ती पेटी उघडली. वर नातवाचे इंग्रजी गुणपत्रक, त्याखाली शेताची कन्नडमधील पहणी, त्याखाली आईची मराठी पत्रे आणि अगदी तळाशी आजोबांच्या वेळचे उर्दू खरेदीखत. चार भाषा, चार लिप्या, आणि कागद मात्र एकाच घरचे! पण ते सर्व वाचू शकेल असे माणूस आज घरात एकही नाही. खरेदीखत मला वाचता येत नाही. आईची पत्रे नातवास वाचता येत नाहीत.

ही स्थिती आमच्या एकट्याच्या घरची नव्हे. बिदर आणि कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. दरबारात आधी फारसी व नंतर उर्दू चाले. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले, त्याचे माध्यमही उर्दूच. इंग्रजी हा तेथे सक्तीचा विषय होता, पण शास्त्रे आणि कायदा शिकावयाचा तो उर्दूतून. त्यासाठी इंग्रजी ग्रंथांची भाषांतरे करणारे स्वतंत्र खातेच होते. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय (स्थापना १९०७) यासारख्या खाजगी शाळा लोकांनी चालविल्या, तरी सरकारी नोकरीची वाट उर्दूतूनच जाई. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि ज्यांची सारी विद्या उर्दूत झाली होती अशी कर्ती माणसे एका रात्रीत अर्धशिक्षित ठरली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर महाराष्ट्राच्या बाजूस म्हणजे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद, बसवकल्याण इकडे म्हैसूर राज्यात राहिले. त्या राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले. माणसे जागची हलली नाहीत. कचेरीची भाषा मात्र दोनदा बदलली. इंग्रजी आली ती या सगळ्याच्या वर.

म्हणून पुष्कळांस वाटते की आपल्यावर भाषांचे ओझे फार झाले. मला ते पटत नाही. अनेक भाषांत वावरणे ही या भूमीची जुनी रीत आहे. भीमा-अमरजा संगमावरील गाणगापूर आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातलेच. तेथील महिमा सांगणारे ‘गुरुचरित्र’ मराठीत लिहिणारे सरस्वती गंगाधर हे मूळचे कन्नड भाषक. आपणांस महाराष्ट्र भाषा येत नाही असे ते आरंभीच कबूल करतात, आणि तो ग्रंथ मराठी घरोघर पारायणास लागतो. त्यात कन्नड पदेही आहेत. हुमनाबादजवळ माणिकनगरास माणिकप्रभूंची पदे मराठीतही आहेत आणि कन्नडमध्येही. स्वामी रामानंद तीर्थ १९५२ साली गुलबर्ग्याहूनच लोकसभेवर निवडून गेले. मराठी मुलुखात आयुष्य वेचलेल्या या संन्याशाने मुक्तिसंग्रामाच्या आठवणी लिहिल्या त्या इंग्रजीत, आणि त्या १९६७ साली प्रसिद्ध झाल्या.

मग इंग्रजीच आपल्या मुलांस एवढी का अडते? याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मराठी ही संस्कृतच्या कुळातली आणि कन्नड द्राविड कुळातली, असे आपण शाळेत शिकलो. ते खरेच आहे. पण शेकडो वर्षे एकाच बाजारात वावरल्यामुळे त्यांची वाक्ये एका साच्याची झाली आहेत. आपण म्हणतो, ‘घरी जाऊन जेवण करून येतो.’ शेजारचे अण्णा म्हणतात, ‘मनीगे होगि ऊटा माडि बर्तीनि.’ पलीकडचे चाचा दखनीत म्हणतात, ‘घर कू जाके खाना खाके आतूं.’ शब्दाखाली शब्द ठेवून पाहा, एकही जागा चुकत नाही. सांगलीजवळच्या कुपवाड गावातील मराठी, कन्नड व उर्दू बोलींचा अभ्यास गंपर्झ आणि विल्सन या दोन विद्वानांनी केला व १९७१ साली तो प्रसिद्ध झाला. तेथेही त्यांस हेच आढळले: शब्द निराळे, पण वाक्याची बांधणी जवळजवळ एकच. म्हणून आपल्याकडचे पोर गल्लीत खेळता खेळता तीन भाषा शिकते आणि आपण काही शिकलो हे त्याच्या ध्यानीही येत नाही.

इंग्रजीत हे शब्दाखाली शब्द ठेवणे चालत नाही. तेथे क्रियापद कर्त्याला चिकटून मध्ये येते, ‘घरी’मधील प्रत्यय शब्दाच्या मागून उठून पुढे बसतो. आपल्याला भूक ‘लागते’, म्हणजे ती कोठून तरी येते. कन्नडमध्येही ‘ननगे हसिवागिदे’, म्हणजे ‘मला भूक झाली आहे’. इंग्रज मात्र ‘आय ॲम हंग्री’ म्हणतो, म्हणजे तो स्वतःच भुकेला असतो. हा फरक कोणी समजावून न सांगता मुलास नुसते पाठ करावयास लावले, तर ते घोटाळणारच.

माझीच गोष्ट सांगतो. कॉलेजात पहिल्या वर्षी मी एका परप्रांतीय प्राध्यापकांच्या घरी पुस्तक आणावयास गेलो होतो. निघताना ‘जातो’ म्हणणे अशुभ, हे आपल्या रक्तातच. मराठीत ‘येतो’, कन्नडमध्ये ‘बर्तीनि’. मी नम्रपणे म्हणालो, ‘आय ॲम कमिंग, सर.’ ते सद्गृहस्थ दार उघडे ठेवून बराच वेळ माझी वाट पाहत बसले, असे दुसऱ्या दिवशी कळले! माझे व्याकरण शुद्ध होते. चूक होती ती उंबऱ्यावरच्या रीतीची, आणि ती कोणत्याही पुस्तकात दिलेली नव्हती.

उलट आपल्याकडे आहे आणि इंग्रजीत नाही, असेही पुष्कळ आहे. चिटणीस सभेत ‘आम्ही सभागृह बांधले’ म्हणाले तर श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडेल. ‘आपण सभागृह बांधले’ म्हटले की टाळी पडते. इंग्रजीतील ‘वी’ आणि कन्नडमधील ‘नावु’ या दोहोंना हा भेद ठाऊक नाही. स्पेलिंगचे दुखणे सर्वांच्या परिचयाचे आहे (‘बट’ आणि ‘पुट’ यांनी कोणास छळले नाही?), त्यावर अधिक लिहीत नाही.

आता मुख्य अडचणीकडे वळतो. पूर्वी मूल एका भाषेत वाचावयास शिके आणि तिच्या आधाराने दुसरी शिके. आता तिसऱ्या वर्षीच इंग्रजी शाळेत घातलेले मूल घरी मराठी बोलते, रस्त्यावर कन्नड बोलते, पण वाचते फक्त इंग्रजी, आणि तीही अर्धवट समजून. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी असे राज्यघटनेच्या कलम ३५०-अ मध्ये १९५६ सालीच सांगितले आहे. पण शाळा असून मुलेच न घातली तर कलम काय करणार? आईबापांस दोष देणेही योग्य नव्हे. पुणे, बेंगळुरू, हैदराबाद येथे पोट भरावयाचे तर इंग्रजी हवीच, आणि येथील सरकारी नोकरीस कन्नड हवे. मराठीसाठी मुलाचा वेळ कोठून काढावा, असा त्यांचा रास्त प्रश्न आहे.

गेल्या उन्हाळ्यात ट्रस्टच्या सभागृहात नऊ मुले जमवून मी एक प्रयोग केला. फळ्यावर तीन रकाने आखले: मराठी, कन्नड, इंग्रजी. रोज घरातील दहा वाक्ये. मुलांनी पहिले दोन रकाने स्वतः भरावयाचे आणि तिसऱ्यात काय मोडते, काय सरकते ते शोधावयाचे. ‘मला भूक लागली’चे एका मुलीने ‘टू मी हंगर टच्ड’ असे इंग्रजी केले. सर्व हसले, मग का हसलो याची चर्चा तासभर चालली आणि तो नियम पुन्हा कोणी विसरले नाही. रोज एक तास, असे सहा आठवडे झाले. देवनागरी अक्षरे तर मुले हिंदीमुळे ओळखतच होती. मराठी वाचनाची सवय तेवढी नव्हती, ती या निमित्ताने लागली. मराठीसाठी निराळा वेळ काढावाच लागला नाही.

वर्ग संपल्यावर मी नातवास पेटीतले एक पत्र दिले. मी गुलबर्ग्याच्या वसतिगृहात असताना आईने लिहिलेले. त्याने अडखळत वाचले: पाऊस नाही, गाय व्याली, संतेच्या दिवशी ये म्हणजे भाजी घेऊन जाशील. ‘संते’ या शब्दाशी तो थांबला आणि मोठ्याने हसला. “आजोबा, हा तर कन्नड शब्द! पणजी मराठी लिहिता लिहिता कन्नड लिहीत होती!” मी पुन्हा पत्र पाहिले. इतकी वर्षे वाचले, पण ते माझ्या ध्यानात आले नव्हते.