रोजा, वजू आणि औषधाची वेळ

धर्माचे नियम पाळणाऱ्या मुस्लिम डॉक्टरच्या दिवसाला दोन वेळापत्रके असतात. एक ओपीडी, राउंड, ऑपरेशन आणि नाइट ड्यूटीचे; दुसरे फजर, जोहर, असर, मगरिब आणि इशा या पाच नमाजांचे. प्रत्येक नमाजाला ठरावीक मुदत असते, म्हणून एरवी दोन्ही वेळापत्रके सुखाने नांदतात. जोहरची मुदत दुपारी सूर्य कलल्यापासून असरपर्यंत चालते. दोन पेशंटच्या मधे दहा मिनिटे मिळाली तरी ती अदा होते. मगरिबला मात्र जेमतेम तास-सव्वातास मिळतो आणि संध्याकाळची ओपीडी नेमकी तेव्हाच भरलेली असते. अशा वेळी कंपाउंडर नंबर थोडे मागेपुढे करतो, आतल्या खोलीत मुसल्ला (नमाजाची चटई) अंथरला जातो आणि काही मिनिटांत पुढचा पेशंट आत येतो.

लांबलेल्या ऑपरेशनच्या वेळी पंथाप्रमाणे वाट वेगळी निघते. महाराष्ट्रातले बहुसंख्य सुन्नी हनफी आहेत, कोकणी मुसलमान शाफई, तर दाऊदी बोहरा शियांच्या इस्माईली शाखेतले. बोहरा जोहर-असर आणि मगरिब-इशा जोडूनच पढतात. हनफींमध्ये हजखेरीज नमाज जोडण्याची मुभा नाही. म्हणून हनफी सर्जन शक्य असेल तिथे जोहर तिच्या मुदतीच्या शेवटी आणि असर सुरुवातीलाच उरकतो. तेही जमले नाही तर नंतर कजा, म्हणजे चुकलेल्या वेळेची भरपाई करणारी नमाज पढतो. टेबलावरचा रुग्ण सोडून जाणे कोणत्याच पंथाला मान्य नाही. जीव वाचवण्यासाठी चालू नमाज मधेच तोडण्याचीही परवानगी आहे. शुक्रवारच्या जुम्याच्या नमाजाची सक्तीही रुग्णाला सोडून जाणे धोक्याचे असेल तर उरत नाही.

नमाजाआधी वजू, म्हणजे हात-तोंड-पाय धुऊन केलेली शुद्धी लागते आणि त्याची खरी कसोटी तपासणीच्या टेबलाजवळ लागते. शाफई मताप्रमाणे परक्या स्त्री-पुरुषांच्या त्वचेचा थेट स्पर्श झाला की वजू तुटतो. म्हणजे कोकणी डॉक्टरने बाई पेशंटची नाडी उघड्या हाताने पाहिली तर पुन्हा वजू करावा लागतो. हातमोजा असेल तर लागत नाही. हनफी मतात अशा स्पर्शाने वजू तुटत नाही, पण स्वतःच्या अंगातून रक्त वाहिले तर तुटतो. त्यामुळे सुई बोटाला लागून रक्त वाहिले की शाफई डॉक्टरच्या वजूला धक्का नाही, हनफीला मात्र नव्याने वजू करावा लागतो. चोवीस तासांच्या ड्यूटीवरचे काही निवासी डॉक्टर वजू करून चामड्याचे मोजे चढवतात. त्यानंतर एक दिवस-रात्र दर वजूला पाय धुवावे लागत नाहीत, मोज्यांवरून ओला हात फिरवला तरी चालते.

हात निर्जंतुक करायच्या द्रवात अल्कोहोल असते, त्यावरही विचार झालेला आहे. अल्कोहोल असलेली औषधे वापरण्यास मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिक्ह (इस्लामी कायदा) परिषदेने २००२ मध्ये परवानगी दिली. हातांच्या स्वच्छतेवरच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत तिची नोंद आहे. पेशंट बाई असेल तर शक्यतो महिला डॉक्टर तपासते; ती नसेल तर पुरुष डॉक्टर तपासतो, पण तिसरी व्यक्ती खोलीत हवी आणि जरूर तेवढाच भाग उघडायचा. आजच्या वैद्यकीय शिष्टाचाराचीही हीच अपेक्षा आहे.

सर्वांत बारीक काम रमजानच्या आधी सुरू होते. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान सर्व ऋतूंतून फिरतो. महाराष्ट्रात रोजा हिवाळ्यात १२ तासांहून थोडा अधिक, तर उन्हाळ्यात साडेचौदा तासांच्या आसपास असतो. एवढा वेळ अन्न, पाणी आणि तोंडाने घ्यायची गोळी, सगळेच बंद. कुराणाच्या दुसऱ्या सूरहमध्ये (आयत १८४ व १८५) आजारी आणि प्रवासी यांना रोजे नंतर पुरे करण्याची सवलत आहे. ज्यांना ते कधीच जमणार नाहीत, त्यांनी दर रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचे, हाच फिदिया. तरीही अनेक मधुमेही रोजा सोडायला तयार नसतात. १३ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एपिडायर’ पाहणीत रमजानमध्ये साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रमाण टाइप १ मध्ये ४.७ पट आणि टाइप २ मध्ये ७.५ पट वाढलेले आढळले.

म्हणून रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी रुग्णाला बोलावले जाते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि मधुमेह व रमजानवर काम करणारी ‘डार’ ही संघटना यांच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत आजार किती जुना, इन्सुलिन चालू आहे का, मूत्रपिंडे कशी आहेत, साखर पूर्वी किती वेळा खाली गेली, काम अंगमेहनतीचे आहे का, अशा प्रश्नांना गुण आहेत. बेरीज ३ पर्यंत आली तर धोका कमी, ३.५ ते ६ मध्यम आणि ६ च्या वर गेली तर जास्त. जास्त धोका असलेल्याला रोजा ठेवू नका, असे स्पष्ट सांगायचे असते.

ज्याला रोजा ठेवता येतो, त्याच्या केस पेपरवर नेहमीचे ‘१-०-१’ पुसले जाऊन इफ्तार (सूर्यास्ताला रोजा सोडतानाचे खाणे) आणि सहरी (पहाटे रोज्याआधीचे खाणे) असे दोन रकाने येतात. मेटफॉर्मिन ५०० ची गोळी तीनदा चालू असेल तर दुपारची इफ्तारला सरकते: इफ्तारला दोन, सहरीला एक. ग्लिमेपिराइड सकाळी घेतले तर त्याचा जोर रिकाम्या पोटी दिवसभर चालतो, म्हणून ते इफ्तारला जाते आणि साखर आटोक्यात असल्यास डोसही उतरतो. दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन १५ ते ३० टक्के कमी करून इफ्तारला देतात. मिश्र इन्सुलिनचा सहरीचा डोस पाव ते निम्म्याने घटतो. तीनदा घ्यायच्या अँटिबायोटिकऐवजी एकदा किंवा दोनदा घ्यायचे निवडले जाते.

मग ग्लुकोमीटरची उजळणी होते. बोट टोचल्याने रोजा तुटतो, या समजुतीने अनेक जण साखर तपासत नाहीत. रक्ततपासणीने, तसेच पोषण न देणाऱ्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असा निर्णय आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ मध्ये जेद्दाहच्या अधिवेशनात दिला. दम्याच्या इनहेलरवर मात्र मतभेद आहेत. तिथे डॉक्टर गरज सांगतो आणि रुग्ण आपल्या मुफ्तींना विचारतो. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की रोजा तिथेच सोडायचा. इफ्तारच्या आधीचे तास सर्वांत अवघड. हात थरथरतात, घाम फुटतो आणि रुग्ण घड्याळाकडे पाहत बसतो. “चाचा, अर्धा तास राहिला असला तरी थांबायचं नाही, ग्लुकोज घ्यायचं,” हे वाक्य घरातल्या माणसांसमोर दोनदा सांगितले जाते.

औषध कशापासून बनले, हा प्रश्नही येतो. रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून मिळते. फोंडापॅरिनक्स हे पूर्णपणे कृत्रिम औषध चालण्यासारखे असेल तर ते देतात. पर्याय नसेल तर जिवाच्या गरजेपुढे मनाई उठते, हे तत्त्व लागू होते. मूळ पदार्थाचे रूप पूर्ण बदलले की त्याचा हुकूमही बदलतो, या आधारावर १९९५ मध्ये कुवेतमधल्या वैद्यकीय-फिक्ह परिसंवादाने कॅप्सूलच्या वेष्टणात असणाऱ्या जिलेटिनला मान्यता दिली. तरीही कॅप्सूल नको म्हणणाऱ्याला शक्य असेल तिथे तेच औषध गोळीच्या रूपात लिहून दिले जाते.

रोजा कोणाला माफ, हे ठरवताना फिक्हमध्ये जाणकार, विश्वासू डॉक्टरच्या शब्दाला वजन आहे. त्यामुळे डॉक्टरवरची जबाबदारी दुहेरी होते. ज्याला झेपेल त्याला उगाच भीती घालून रोजापासून तोडू नये आणि ज्याला झेपणार नाही त्याचे मन राखण्यासाठी होकार देऊ नये. रमजान संपल्यावर रुग्णाला पुन्हा बोलावले जाते. साखर पाहून डोस आणि वेळा पूर्ववत केल्या जातात, ईदच्या शीरखुर्म्याचे प्रमाण ठरते आणि चुकलेले रोजे लहान दिवसांत, एकेक करून ठेवता येतील का, हेही त्याच भेटीत पाहिले जाते.