फुप्फुसावरणातील द्रव आणि सोनोग्राफी

फुप्फुसाभोवती दुपदरी आवरण असते. या दोन पदरांमध्ये सामान्यतः काही मिलिलिटर वंगणासारखा द्रव असतो. क्षयरोग, न्यूमोनिया, कर्करोग किंवा हृदयविकारामुळे तो वाढला की फुप्फुस दाबले जाऊन धाप लागते. यालाच बोलीभाषेत 'छातीत पाणी होणे' म्हणतात. भारतात क्षयरोग हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

सोनोग्राफीत २०,००० हर्ट्झपेक्षा अधिक वारंवारतेच्या श्राव्यातीत ध्वनिलहरी वापरतात. हवेच्या सीमेवरून त्या जवळजवळ पूर्णपणे परावर्तित होतात, म्हणून निरोगी फुप्फुसाचा अंतर्भाग दिसत नाही. द्रवातून मात्र त्या सहज पार होतात व तो भाग पडद्यावर काळा दिसतो. उभ्या स्थितीतील समोरून घेतलेल्या क्ष-किरण चित्रात द्रव ओळखण्यासाठी साधारण २०० मिलिलिटर साठा लागतो. सोनोग्राफीत त्याहून कितीतरी कमी साठाही दिसतो. शिवाय रुग्णास किरणोत्सर्गाचा धोका नसतो.

या तंत्राचे खरे मोल उपचारात आहे. द्रव काढताना सुई फुप्फुसास लागल्यास आवरणात हवा शिरते. यकृत वा प्लीहेसही इजा होऊ शकते. जागा आधी पडद्यावर पाहिल्यास हे धोके घटतात. द्रवात जाळीसारखे पडदे तयार झाले असतील, तर केवळ सुईने निचरा होणार नाही, हेही आधीच कळते. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांत द्रव काढण्यासाठी सोनोग्राफीच्या साहाय्याची ठाम शिफारस होती. अर्थात, द्रवाचे कारण ठरविण्यासाठी त्याची प्रयोगशाळेत तपासणी करावीच लागते.

छातीच्या रोगांच्या उपचारांत चेन्नईचे स्थान महत्त्वाचे आहे. तांबरम येथे १९२८ मध्ये क्षयरोग आरोग्यधाम सुरू झाले. १९५६ मध्ये शहरात क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. तीच आजची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था. आरोग्यधामाइतकेच प्रभावी उपचार घरी राहूनही शक्य असल्याचे या केंद्राच्या १९५९ मधील अहवालाने दाखविले. उपचार रुग्णाजवळ नेण्याच्या या धोरणाशी सुवाह्य सोनोग्राफी यंत्र सुसंगत आहे.

परंतु याच यंत्राचा गर्भलिंगनिदानासाठी दुरुपयोग झाल्याने १९९४ च्या कायद्यान्वये त्यावर नियंत्रण आहे. २०१२ च्या नियमदुरुस्तीने सुवाह्य यंत्राचा वापर नोंदणीकृत संस्थेच्या आवारातील आंतररुग्णांपुरता आणि विविध सेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकांपुरता मर्यादित केला. म्हणजे छातीच्या रुग्णाच्या खाटेपाशी यंत्र नेण्यास कायद्यात वाव आहे. मुलींच्या जन्माचे रक्षण आणि श्वासासाठी झगडणाऱ्या रुग्णाची सोय या दोन्ही गोष्टी साधावयाच्या, तर नोंदणीची शिस्त पाळून जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टरांना या तंत्राचे प्रशिक्षण देणे आवश्यक आहे.