खटला होता विम्याचा!

इतिहास म्हणजे सनावळ्या आणि लढाया, ही आपल्याकडची पक्की समजूत. इंग्लंडमधल्या शाळेत शिकवू लागल्यावर मला इतिहासाची निराळीच रीत गवसली. जुना खटला वर्गात उभा करायचा. मुलांनीच वकील व्हायचं, मुलांनीच ज्युरी. गुलामांच्या व्यापाराचा धडा आला, की मी ‘झाँग’ जहाजाचा खटला घेते.

हकिगत अशी. १७८१ साली हे जहाज ४४२ गुलाम कोंबून आफ्रिकेहून जमैकाकडे निघालं. मालक लिव्हरपूलचे व्यापारी. वाट चुकली, रोगराई पसरली. पाणी पुरणार नाही, असं कारण पुढे करून खलाशांनी नोव्हेंबरअखेर १२०हून अधिक जिवंत माणसं समुद्रात फेकली. गुलाम आजारानं मेला तर विमा मिळत नसे. जहाज वाचवण्यासाठी ‘माल’ टाकावा लागला तर मिळे! मालकांनी माणशी ३० पौंड मागितले. मार्च १७८३मध्ये लंडनच्या ज्युरीनं ते मान्यही केले. मग विमावाले वरच्या कोर्टात गेले.

आमच्या वर्गातलं कोर्ट इथून सुरू होतं. विमावाल्यांचे चौदा वर्षांचे वकील कागद चाळतात आणि नेमकं बोट ठेवतात : मधे पाऊस पडला होता, तरीही माणसं का फेकली? मग कुणीतरी ताडकन उठून ओरडतं, “हा खून आहे!” खऱ्या कोर्टातही विमावाल्यांच्या वकिलांनी तो शब्द उच्चारला होता. मालकांच्या वकिलानं तो उडवून लावला. मीही न्यायाधीश म्हणून सांगते, “कोर्टापुढे खुनाचा आरोप नाही. पैसे कोणी द्यायचे, एवढंच ठरवा.”

यंदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मिस, त्या गुलामांचं काम कोणाकडे?”

कोणाकडेच नाही. एक तर विकल्या गेलेल्या माणसाचं सोंग मी कुठल्याही मुलाला देत नाही. आणि दुसरं म्हणजे त्या कोर्टात त्यांना जागाच नव्हती. न्यायमूर्ती मॅन्सफिल्ड म्हणाले होते, की ज्युरीच्या लेखी हा मामला घोडे समुद्रात टाकण्यासारखाच होता. ही गोष्ट धक्कादायक असल्याचंही त्यांनीच म्हटलं. त्यांनी फेरसुनावणीचा हुकूम दिला. पण ती झाल्याची नोंद सापडत नाही. स्वतः गुलामगिरी भोगलेल्या इक्वियानोनं ही बातमी ग्रॅनव्हिल शार्प यांना दिली. खुनाचा खटला व्हावा म्हणून शार्प झटले. तो कधीच उभा राहिला नाही. ब्रिटनमध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी आली ती १८०७ साली.

आमची ज्युरी कधी इकडे कौल देते, कधी तिकडे. पण जिंकलेल्या बाजूनं टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नाही. मुलांना तेवढ्यात उमगलेलं असतं, की दोष नुसत्या निकालात नव्हता. निकाल चुकला तर वरच्या कोर्टात जाता येतं. पण कोर्टापुढचा प्रश्नच चुकीचा असेल, तर माणसानं दाद मागायची कुठे?