पिंपळाची पानगळ आणि लेकरांचे प्रश्न

आजी वारली, पुनर्विकासासाठी खोली खाली करून ट्रान्झिट कॅम्पात जावं लागलं, बाबांचं काम सुटलं, की घरातली मोठी माणसं धावपळीत असतात. लेकराला कुणी काही सांगत नाही. मग सहा वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं, शाळेच्या वेळी पोट दुखतं म्हणतं, आईला सोडत नाही. हा हट्ट समजून मारू नका. घरात काहीतरी बदललंय एवढं त्याला जाणवतं, पण सांगता येत नाही.

अनित्यता हा शब्द आपण विहारात नेहमी ऐकतो. लहान मुलाला मात्र ती डोळ्यांनी कळते. विहाराजवळ पिंपळ असेल तर उत्तमच, नाहीतर वस्तीतलं पानं गळणारं कुठलंही झाड चालेल. माघ-फाल्गुनात पिंपळाची पानं गळतात. एक पान मुलाच्या हातात द्या, देठ सुटला तिथली फांदीवरची खूण दाखवा. पुढे तांबूस, चमकदार पालवी फुटते आणि भीमजयंतीच्या सुमारास झाड बहुतेक हिरवं झालेलं असतं. रविवारी वंदनेला जाताना तिथं पाच मिनिटं थांबा. “मागच्या रविवारी कसं होतं?” एवढंच विचारा, उत्तर त्यालाच शोधू द्या.

घर बदलताना वर्षावासाची गोष्ट सांगा. एरवी गावोगाव फिरणारे भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहत. ऋतू बदलला की राहणीही बदले. मग आपलं काय बदलणार आणि काय तेच राहणार, ते स्पष्ट सांगा. शेजारची ताई लांब जाईल. शाळा तीच राहील, गोधडीही तीच.

मरणाच्या वेळी मात्र झाडाचं उदाहरण जपून द्या. “मग आजीपण पालवीसारखी परत येईल?” असं मूल विचारतंच. तेव्हा सुकलेलं पान दाखवून सांगा, हे पुन्हा फांदीला लागत नाही. नवं पान येतं ते वेगळं. “आजी वारली. तिचं शरीर बंद पडलं. ती परत येणार नाही. तुझ्यामुळे काही झालं नाही.” शेवटचं वाक्य विसरू नका, कारण पुष्कळ मुलं मनातल्या मनात स्वतःलाच दोष देतात. “झोपली” म्हटलं तर मूल झोपायलाच घाबरू शकतं. आपण देव मानत नाही, तरी “देवाघरी गेली” हे सवयीनं तोंडून निघतंच. मग मूल त्या घराचा पत्ता विचारत बसतं! पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांना मरण कायमचं असतं हे बहुधा उमगत नाही. ती तोच प्रश्न पुन्हा विचारतील. न चिडता तेच उत्तर द्या.

आणि “सगळं अनित्य आहे, रडू नको” असं म्हणून मुलाला गप्प करू नये. धम्माचा हा वापर मला पटत नाही. रडू द्या, जवळ घ्या.

झोप, जेवण, खेळणं दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं राहिलं तर सरकारी रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.